काळी मुसळी : कंद काढावा, डोळा राखावा

भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील डोंगरउतारांवर पाऊस स्थिरावला की गवतातून लांबट, घड्या पडलेली पाने वर येतात. ताडाचे कोवळे रोप असावे असा भास होतो. ‘तालमूली’ या संस्कृत नावातही ताड आहेच. पानांच्या बुडाशी, जमिनीलगत, चांदणीसारखे पिवळे फूल उमलते. हीच काळी मुसळी. सफेद मुसळीशी तिची गल्लत करू नये. सफेद मुसळीस बोटांसारख्या मुळांचा झुबका असतो. काळीचा कंद एकच, सरळ खाली गेलेला, बाहेरून काळपट व आतून पांढरा असतो.

आयुर्वेदाप्रमाणे चिनी वैद्यकातही हा कंद वापरतात. तेथे त्यास ‘श्यान-माओ’ म्हणतात. इ. स. ७१३ मध्ये एका ब्राह्मण भिक्षूने तो थांग सम्राटास अर्पण केला, असे चिनी औषधिग्रंथ सांगतात. म्हणून ‘ब्राह्मणांचा जिनसेंग’ असेही त्याचे नाव पडले. चिनी वैद्य त्यास विषारी अंशाचा मानतात व तांदळाच्या धुवणात भिजवून त्याचा तांबूस रस काढून टाकतात. भातपट्ट्यात धुवणास तोटा नाही, परंतु तेवढ्यावर घरी औषध करू नये. वैद्याच्या सल्ल्यावाचून कंद पोटात घेऊ नये.

खरी अडचण निराळीच आहे. येथे कंद विकणे म्हणजे झाडच उपटणे होय. फळ पानांच्या बुडाशी मातीत दडलेले असते व बियांची उगवण कमी. त्यामुळे एखादा उतार सरसकट खणला गेला, तर तो लवकर भरून येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. कंदाच्या वरच्या टोकाचा, पाने फुटतात तो डोळ्याचा दीड-दोन सेंटिमीटर भाग कापून त्याच खड्ड्यात पुन्हा लावावा व माती हलकेच दाबावी. पावसाळ्यात पाने हिरवी असता खणू नये. पाने पिवळी पडू लागल्यावर, जमिनीत ओल आहे तोवर, दोन वर्षांची झाडेच काढावीत. पाने वाळली की झाड सापडत नाही, म्हणून आधीच शेजारी खुंटी ठोकून ठेवावी. असेच डोळे परसात, आंब्याच्या विरळ सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी शेणखत घालून लावल्यास रानावरचा भार हलका होतो.

कंदमुळे ही २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गौण वनोपजात मोडतात. तेव्हा यंदा कोणता उतार खणावयाचा व कोणता राखावयाचा, हे ग्रामसभेत ठरवून घ्यावे. काढलेले कंद धुऊन, तंतुमुळे खुडून, चकत्या करून सावलीत वाळवावेत.