पॅराग्लायडर : सांगाडा नसलेला पंख

रचना
पॅराग्लायडर म्हणजे नायलॉनच्या कापडाचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये शिवलेले कप्पे. पुढच्या कडेला उघड्या असलेल्या कप्प्यांत हवा शिरते आणि तिच्या दाबाने पंखाला आकार येतो. दाब टिकला तरच पंख टिकतो. सुरक्षिततेचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

उड्डाण
उड्डाण समोरून येणाऱ्या वाऱ्यात घेतात. वारा मंद असल्यास पंख पाठीमागे पसरून उतारावर धावत तो डोक्यावर आणतात. वारा बऱ्यापैकी असल्यास पायलट पंखाकडे तोंड करून तो चढवतो, दोऱ्या पाहतो आणि मगच वळतो. ही पद्धत शिकायला अवघड, पण गुंतलेली दोरी वेळीच दिसते. हार्नेसचे पायांचे पट्टे बांधायचे राहून जाणे ही क्षुल्लक वाटणारी चूक जीवघेणी ठरली आहे. अनुभवी पायलटही त्यातून सुटलेले नाहीत.

वाऱ्याचे गणित
ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली खेचणाऱ्या दोऱ्या, न ओढता पंखाचा वेग ताशी ३५ ते ३८ किलोमीटर असतो. समोरचा वारा तेवढाच झाला की पायलट जागच्या जागी तरंगतो. त्याहून वाढला की तो मागे, डोंगराच्या आडोशाच्या बाजूला ढकलला जातो. तिथे हवा भोवऱ्यांसारखी फिरत असते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २० चा वारा ३० झाला तर जोर सव्वादोन पट होतो. त्यात डोंगरमाथ्यावर वारा दाबला जाऊन आणखी वेगवान होतो. उड्डाणस्थळी सुखद वाटणारी झुळूक म्हणूनच फारसे काही सांगत नाही.

उंची
शांत हवेत पंख सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतो. त्याहून वेगाने चढणारी हवा दोन ठिकाणी मिळते : डोंगरउतारावर आदळून वर वळणारा वारा आणि उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणारे थर्मल. थर्मलच्या कडेला चढती व उतरती हवा शेजारी असल्याने पंखाला हिसके बसतात. नवशिक्यांना भर दुपारी उडू देत नाहीत, ते यामुळे.

पंख मिटल्यास
एक बाजू मिटली की पंख त्याच बाजूला वळू लागतो. वजन उघड्या बाजूला टाकून आणि तिकडचा ब्रेक हलकेच ओढून आधी दिशा सावरायची, मग मिटलेली बाजू उघडायची. ब्रेक जास्त ओढल्यास उघडी बाजूही थांबते, आणि घाबरलेला हात नेमके हेच करतो. राखीव पॅराशूट असते, पण त्याला उघडायला उंची लागते.

उतरणे
जमिनीलगत वारा मंदावतो. वारा अचानक कमी झाला की हवेतला वेगही घटतो. म्हणून खाली येताना वेग राखून, पाय टेकण्याच्या अगदी आधी दोन्ही ब्रेक पूर्ण ओढतात.

मर्यादा
पुण्याजवळच्या कामशेतला पावसाळ्यात उड्डाणे थांबतात. पावसाने भिजलेला पंख नीट उडत नाही, पण खरा धोका गडगडाटी ढगांचा. त्यांच्यातली हवा पंख जितक्या वेगाने उतरू शकतो त्याहून वेगाने वर चढते. २००७ साली ऑस्ट्रेलियातील मॅनिला येथे एव्हा विश्निएर्स्का या पायलट अशा ढगात ओढल्या जाऊन ९,९०० मीटरहून वर गेल्या, बेशुद्ध झाल्या आणि तरीही वाचल्या. त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट दगावला.