पॅच टेस्ट नेमकं काय सांगते?

समजा, डहाणू-तलासरीकडच्या एका बाईंच्या मांडीत स्टीलचा रॉड आहे आणि तिथे दुखतंय. खोटे कानातले घातले की त्यांचे कान चिघळतात. लगेच 'निकेलची ॲलर्जी' म्हणाल? थांबा.

३१६एल स्टीलमध्ये १० टक्क्यांहून जास्त निकेल असतं, हे खरं. पॅच टेस्टमध्ये निकेल सल्फेट पाठीवर ४८ तास चिकटवतात. पट्टी काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा बघतात. म्हणजे पाड्यावरून तीन खेपा! तिसरी चुकली, तर उशिरा उमटणारी ॲलर्जी निसटू शकते.

आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली, तरी ती त्वचेबद्दल सांगते. हाडातल्या दुखण्याचं कारण सिद्ध करत नाही. म्हणून आधी जंतुसंसर्ग, सैल झालेला रॉड तपासायचा.

तुमच्या संशोधनातही हेच विचारा: चाचणी माझ्याच प्रश्नाचं उत्तर देतेय ना?