कमरेला पॉइंट बत्तीसच का?

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत एखाद्या नागरिकाला स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलाचा परवाना मिळाला, तर त्याच्या हाती बहुधा पॉइंट बत्तीसचे शस्त्र येते. जगात सर्वाधिक खपणारे पिस्तुलाचे काडतूस ९ मिलिमीटरचे. आपल्या पोलिसांकडे तेच, लष्कराकडेही तेच. मग सामान्य माणसाकडे .३२ का? पहिले शस्त्र कोणते घ्यावे असे विचारणाऱ्याला वाटते की दुकानात जायचे, चार नमुने हातात धरून पाहायचे आणि निवडायचे. प्रत्यक्षात त्याची निम्मी निवड तो जन्माला येण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. ती कायद्याने, इतिहासाने आणि धातूच्या गुणांनी केलेली आहे, आणि कशी ते पाहताना मी थक्क होत जातो.

१८५७ च्या उठावाचा धसका घेतलेल्या इंग्रज सरकारने १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना. युरोपीय लोकांना मात्र त्यातून सूट होती. स्वातंत्र्यानंतर तो कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. युरोपीयांची सूट संपली, पण एक विभागणी राहिली : सैन्याचे काडतूस वेगळे, नागरिकाचे वेगळे. आजही लागू असलेल्या २०१६ च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत, ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची काडतुसे किंवा सैन्याची ९ मिलिमीटरची काडतुसे बसू आणि उडू शकतात, ती सगळी शस्त्रे निर्बंधित गटात आहेत. ती सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. विचार साधा आहे. कोठारातून काडतुसे चोरीला गेली, तरी नागरिकांच्या बंदुकांत ती चालता कामा नयेत.

या चाळणीतून जी काडतुसे उरली त्यांत .३२ ठळक. रिव्हॉल्व्हरचे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे अमेरिकेत १८९६ मध्ये तयार झाले. त्याच वर्षी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली. पिस्तुलाचे .३२ ऑटो हे जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाचे, १८९९ चे. त्यानंतर सिनेमा मूक होता तो बोलका झाला, रंगीत झाला, मोबाइलच्या पडद्यावर आला. डोंबिवलीतल्या परवानाधारकाच्या तिजोरीतले काडतूस मात्र आजही त्याच एकोणिसाव्या शतकातल्या मापाचे आहे.

आता त्या काडतुसाच्या आत जाऊ. पितळेची एक पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमरची इवलीशी टोपी, आत धूररहित दारूचे कण, तोंडाशी शिसे असलेली गोळी. चाप ओढला की घोडा पडतो, सुई टोपीवर आदळते, ठिणगी उडते आणि दारू पेटते. दारू जळून तयार झालेला वायू त्या चिमूटभर जागेत मावत नाही. .३२ रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात हा दाब वातावरणाच्या सुमारे हजारपटीपर्यंत चढू शकतो. त्या दाबाने साधारण सहा ग्रॅमची गोळी सेकंदाला दोनशे मीटरहून थोड्या अधिक वेगाने नळीबाहेर पडते. हे सगळे पापणी लवायच्या आत उरकते. नळीच्या आत मळसूत्रासारख्या खाचा असतात. गोळी त्यांतून पिळवटत जाते आणि बाहेर पडताना सेकंदाला शेकडो गिरक्या घेत असते. या गिरक्यांमुळेच ती कोलांट्या न खाता सरळ जाते.

पण माझ्या लेखी यातला सर्वांत अद्भुत भाग गोळी नसून रिकामी राहणारी पुंगळी आहे. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. दाब वाढताच पुंगळी फुगते आणि पोलादी कप्प्याच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे तप्त वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे, येऊ शकत नाही. दाब उतरताच तीच पुंगळी केसभर आकसते आणि सहज बाहेर निघते. ती पुरेशी फुगली नाही तर वायू मागे फुटेल, आकसली नाही तर अडकून बसेल. इतका नेमका लवचिकपणा पितळात असावा आणि माणसाला तो हेरता यावा, याचे मला फार नवल वाटते.

हे पितळ आपल्याला परके नाही. कल्याणहून कर्जतच्या लोकलने निघाले की अंबरनाथ लागते. तिथला आयुधनिर्माणी कारखाना १९५० च्या दशकात सुरू झाला आणि काडतुसांना लागणारे पितळ, तसेच इतर अलोह धातूंचे साहित्य ही त्याची ओळख. २०२१ मध्ये देशातल्या आयुधनिर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथचा हा कारखाना नागपूरला मुख्यालय असलेल्या यंत्र इंडियाकडे गेला. घाट चढून गेले की पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ चा. नागरिकांच्या .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसे तिथे बनतात. शस्त्राची गोष्ट कानपूरची किंवा परदेशातली वाटते, पण तिचा एक धागा मध्य रेल्वेच्या रुळांलगत आहे.

आता निवडीचा पहिला खरा प्रश्न : रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र असते, बहुधा सहा कप्प्यांचे. चाप ओढला की एक छोटा अडसर चक्राला ढकलतो, पुढचा कप्पा नळीसमोर येतो, मग घोडा पडतो. हे सगळे बोटाच्या ताकदीवर चालते. एखादे काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचा कप्पा समोर येतो. चक्र बाजूला काढून उघडले की किती काडतुसे भरली आहेत ते एका नजरेत दिसते. नवख्यासाठी हा मोठा गुण आहे.

पिस्तुलाची करामत निराळी. त्याच्या वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत चढवतो. जो धक्का वाया जायचा त्यालाच ब्राउनिंगने कामाला जुंपले. बेल्जियममध्ये बनलेले त्याचे १९०० चे पिस्तूल हे अशी स्लाइड असलेले पहिले उत्पादन. या करामतीतच पिस्तुलाचा धोकाही आहे. मॅगझिन काढून घेतले तरी नळीत चढलेले एक काडतूस तसेच राहते. ‘रिकामे आहे’ असे समजून हाताळलेल्या पिस्तुलातून गोळी सुटते ती याच विसरापायी.

ब्राउनिंग हे नाव ठाण्याच्या इतिहासात कोरलेले आहे. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे हिंदुस्थानात धाडली. त्यांपैकी एका पिस्तुलाने अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या रात्री तिथे ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. जुन्या किल्ल्यात असलेला तो तुरुंग आजही ठाण्यात उभा आहे. ज्या संशोधकाच्या पिस्तुलाने साम्राज्याला हादरा दिला, त्याच्याच रचनेचे काडतूस आज त्याच शहरातल्या परवान्यावर कायदेशीरपणे मिळते. इतिहासाची ही गुंफण कोणा लेखकाने कल्पिली असती, तर आपण ती ओढूनताणून आणलेली म्हटली असती.

दुसरा प्रश्न वजनाचा. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या आयुधनिर्माणीने ‘निर्भीक’ नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर आणले. टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा १ लाख २२ हजार रुपयांच्या घरात. ते स्त्रियांना पर्समध्ये सहज बाळगता यावे ही कल्पना. पण निसर्ग हिशेब चुकता करून घेतो. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते तितकाच संवेग शस्त्राला मागे मिळतो, म्हणून शस्त्राचे वजन निम्मे केले की ते दुप्पट वेगाने मागे उसळते. बाळगायला हलके ते झाडायला अवघड. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने ‘प्रबळ’ हे .३२ रिव्हॉल्व्हर आणले. जुनी सरकारी रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धाटणीने मधून मोडून उघडत, याचे चक्र बाजूला उघडते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही, त्यामुळे निवड या देशी नमुन्यांभोवतीच फिरते.

आता गावाकडे. मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला गर्दीतल्या हल्लेखोराची चिंता नसते. त्याला रात्रीत भुईमूग उकरून टाकणाऱ्या रानडुकरांची चिंता असते. त्याच्यासाठी कायद्याने निराळे उत्तर योजले आहे. १९५९ च्या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. कंबरेचे शस्त्र शेतात जवळपास निरुपयोगी. आखूड नळीने अंधारात, पळत्या जनावरावर, नेम लागणे दुरापास्त, आणि .३२ च्या गोळीने जखमी झालेले रानडुक्कर माणसावर उलटते. शिवाय रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. हाती परवान्याची बंदूक असली तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणे गुन्हाच ठरतो.

परवाना कोण देतो हेही गावागणिक बदलते. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथे ठाण्याचे पोलीस आयुक्त, तर मुरबाड-शहापूरच्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्जदाराचे वय किमान २१ हवे, जिवाला धोका असल्याचे कारण पटवून द्यावे लागते, पोलीस चौकशी होते, शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला लागतो, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. लग्नात, मिरवणुकीत हर्षाने हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले हवे. निवडणुकीच्या काळात पोलिसांनी सांगितले तर ते पोलीस ठाण्यात जमा करावे लागते.

हे नियम जाचक वाटणाऱ्याने संध्याकाळी सातची कल्याण लोकल डोळ्यांसमोर आणावी. सेकंदाला दोनशे मीटर धावणारी गोळी चुकली तर ती मागच्या माणसाला लागते, आणि आपल्याकडे मागे माणूस नाही अशी जागा सापडत नाही. गावठी कट्ट्याची गोष्ट तर याहून भीषण. त्याच्या नळीचे पोलाद कसले ते कोणाला ठाऊक नसते, कप्प्याचे माप पुंगळीशी जुळत नाही. हजारपट दाब मग जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतो, पुष्कळदा धरणाऱ्याच्या हातातून. बिनपरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल किमान दोन वर्षांची कैद आहे ती वेगळीच.

ज्यांना या यंत्राची ओढ आहे, त्यांच्यासाठी एक सुंदर वाट मोकळी आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. श्वास रोखून चाप अलगद दाबण्याची, मनगट स्थिर ठेवण्याची विद्या नेमबाजीच्या मैदानावरच येते, आणि या विद्येविना घेतलेले रिव्हॉल्व्हर घरातल्यांनाच अधिक धोक्याचे.

तेव्हा माझा निवाडा असा. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे आणि पोलिसांनाही तो मान्य आहे, त्याने बाजूला उघडणारे, फार हलके नसलेले .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावे, वर्षभर नियमित सराव करावा, आणि शस्त्र व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत, विशेषतः घरात मुले असतील तर. ज्याला नेमबाजीचे वेड आहे त्याने एअर पिस्तूल घेऊन प्रशिक्षकाकडे जावे. शेतकऱ्याने आधी वन खात्याकडे अर्ज करावा, बंदुकीचा विचार नंतर. आणि उरलेल्या आपण सर्वांनी ११२ हा क्रमांक पाठ ठेवावा. ठाण्या-डोंबिवलीतल्या बहुतेक घरांसाठी सर्वांत शहाणी निवड ही शस्त्र न घेण्याचीच आहे.