मोटारींतील नवे स्पीकर : दोष कोठें शोधावा?

मोटार ही आतां केवळ श्रीमंतांच्या चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. ठाकुर्लीस पूर्वीं रेल्वेची वसाहत आणि चोळें येथील वीजगृह एवढीच काय ती प्रसिद्धि होती. जी. आय. पी. रेल्वेनें आपल्या विजेच्या गाड्यांसाठीं १९२९ सालीं उभारलेलें तें वीजगृह केव्हांच बंद झालें, आणि आज त्याच परिसरांत नव्या इमारतींच्या आवारांतून मोटारींच्या रांगा उभ्या असतात. सुटीच्या दिवशीं तीन पिढ्या एकाच गाडींतून बाहेर पडतात. आणि कल्याण-शीळ रस्त्यावर वाहनांची दाटी झाली म्हणजे गाण्यासारखा दुसरा सोबती नाहीं. म्हणूनच दसऱ्या-पाडव्यास गाडीला नवे स्पीकर बसविण्याची हौस पुष्कळ घरीं दिसून येते.

परंतु या हौसेचा शेवट नेहमींच आनंदांत होतो असें नाहीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत चार नवे स्पीकर बसविले, तों तबल्याचा डग्गा ऐकूं येईना, आणि गायिकेचा आवाज कोणत्या बाजूनें येतो हेंही कळेना. बसविणाऱ्यानें सल्ला दिला कीं, 'याहून भारी स्पीकर घ्या, आणि वर ॲम्प्लिफायर लावा.' वडील मंडळींस हा खर्च पटेना, तरुणांस तो अपरिहार्य वाटे. आणि गाण्यासाठीं आणलेल्या वस्तूनें घरांत कुरबुर मात्र सुरू झाली. अखेरीस असें आढळलें कीं, एका दारांतील स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. त्या सुलट करितांच डग्गा घुमूं लागला, आणि त्यास एक पैही लागली नाहीं.

तात्पर्य इतकेंच कीं, नव्या स्पीकरांत दोष दिसला म्हणजे प्रथम पैशाच्या पिशवीस हात घालूं नये; प्रथम दोषाचें स्थान निश्चित करावें. यासाठीं आपल्या नैयायिकांनीं सांगितलेली अन्वय-व्यतिरेकाची रीत फार उपयोगी पडते. जें असतां कार्य घडतें आणि जें नसतां तें घडत नाहीं, तेंच त्याचें कारण होय. समजा, डाव्या दाराचा स्पीकर मुका आहे. तो काढून उजव्या दाराच्या तारांस जोडावा. तेथेंही तो मुकाच राहिला, तर दोष त्या स्पीकरांत आहे. तेथें तो बोलूं लागला, तर स्पीकर निर्दोष असून व्यंग डाव्या बाजूच्या तारांत किंवा म्युझिक सिस्टीममध्यें आहे. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें समजावयाचें नाहीं.

दार उघडण्यापूर्वीं पाहण्यासारख्याही कांहीं गोष्टी आहेत. डावें-उजवें आणि पुढचें-मागचें यांतील आवाजाची वांटणी मध्यावर आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें; लहान मुलांच्या बोटांनीं ती पुष्कळदां सरकलेली असते. त्यानंतर मोबाईलवरील गाण्याऐवजीं रेडिओ लावून पाहावा. रेडिओ स्वच्छ वाजत असेल, तर स्पीकरांस बोल लावण्याचें कारण नाहीं. दोष मोबाईलचा किंवा त्या ध्वनिमुद्रणाचा समजावा.

आतां तारा उलट जोडल्यानें आवाज कां बिघडतो, तें पाहूं. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं ज्या रचनेचा स्पीकर सिद्ध केला, तीच रचना मुख्यतः आजही चालू आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून वीज जातांच तें पुढें-मागें हलतें, त्यास चिकटलेला कागदी शंकु हलतो, आणि त्यानें हवा हलते. धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली म्हणजे एका दाराचा शंकु पुढें येतो त्याच क्षणीं दुसऱ्या दाराचा मागें जातो, आणि एकानें उठविलेली लाट दुसरा गिळून टाकितो. खर्जांतील स्वरांस हें विशेष बाधतें. सेकंदास १०० कंपनें असलेल्या स्वराची लाट सुमारें ३.४ मीटर, म्हणजे मोटारीच्या रुंदीहूनही लांब असते. त्यामुळें अशा दोन लाटा एकमेकींस सहज मारितात. याची परीक्षा सोपी आहे. आवाज एकाच बाजूस वळवून पाहावा; दोन्ही बाजू वाजत असतांना लोपलेला डग्गा एकच बाजू वाजतांना परत आला, तर तारा उलट आहेत असें जवळजवळ निश्चित समजावें.

खात्री करावयाची तर स्पीकरच्या तारा म्युझिक सिस्टीमपासून सोडवून, दीड व्होल्टचा साधा सेल त्यांस क्षणभरच टेकवावा. सेलचें धन टोंक स्पीकरच्या धन टोंकास लागलें असतां शंकु सामान्यतः बाहेर येतो. टक् असा आवाजही आला नाहीं, तर वेटोळें तुटलें असावें. घरांत मल्टिमीटर असेल, तर ४ ओहमचा चांगला स्पीकर सामान्यतः ३ ते ४ ओहम रोध दाखवितो.

खरखर आणि घरघर यांचीं कारणें निराळीं असतात. ठराविक स्वरास दार थरथरत असेल, तर स्क्रू सैल आहे किंवा स्पीकर आणि पत्रा यांत फट आहे. फोमची कडी बसविल्यानें तें थांबतें. दाराचें आवरण लावण्यापूर्वीं कांच सावकाश खालीं नेऊन ती चुंबकास अडत नाहीं ना, हें अवश्य पाहावें. आपल्याकडील पावसांत दाराच्या आंत पाणी उतरतेंच. यास्तव आंतील प्लास्टिकचा पडदा फाडलेला असल्यास तो पुन्हां नीट चिकटवून घ्यावा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकूं आली, तर बहुधा जमिनीची तार सैल असते, किंवा बॅटरीची जाड तार आवाजाच्या तारेस लगटून नेलेली असते.

दोन गोष्टींत मात्र हयगय उपयोगी नाहीं. स्पीकरची कोणतीही तार गाडीच्या पत्र्यास टेकूं देऊं नये. आधुनिक यंत्रांत दोन्ही तारांत वीज असल्यामुळें यंत्र जळण्याचा संभव असतो. दुसरें, फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्याच्या जागीं अधिक क्षमतेचा फ्यूज कधींही घालूं नये. तसें केल्यास फ्यूजऐवजीं तार तापते, आणि गाडीस आग लागण्याचें भय असतें.

स्पीकर सुधारले म्हणून आवाज वाढवीत जावें, असेंही नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठीं तितकेच तास ७५ डेसिबल, ही सुरक्षित मर्यादा मानिली आहे. शिवाय मागील वाहनाचा हॉर्न चालकास ऐकूं आला पाहिजे, हें निराळें सांगणें नको.

इतकें पाहूनही व्यंग राहिलें, तरच बसविणाऱ्याकडे जावें. जातांना पावती न्यावी, आणि गाडीच्या मूळच्या तारा कापूं न देतां जोड-प्लगानेंच काम करून घ्यावें. तेथें 'आवाज बरा नाहीं' एवढेंच सांगूं नये. 'डावा स्पीकर उजव्या तारांवर वाजतो, उजवा डाव्या तारांवर वाजत नाहीं' असें नेमकें सांगावें. जें गिऱ्हाईक असें बोलतें, त्याच्या गळ्यांत नको असलेली वस्तु बांधणें कोणासही सोपें जात नाहीं.