मनालाही वस्ताद हवा!

डेडलाइन, टार्गेट, अप्रेझल... आखाडा बदलला तरी कुस्ती चालूच आहे. मग आपला वस्ताद कुठे हरवला?

रात्रीचे दोन. अख्खी राजारामपुरी गाढ झोपलेली आणि मी पलंगावर उठून बसलेलो. छातीत धडधड, तळहातांना घाम आणि डोक्यात एकच वाक्य : उद्याचं प्रेझेंटेशन फसलं तर संपलं सगळं!

आठवड्यात तिसऱ्यांदा असं झालं, तेव्हा गुपचूप जाऊन ईसीजी काढला. रिपोर्ट एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. टेन्शन कसलं घेताय?" आता काय सांगणार? वय एकोणतीस, नुकतंच प्रमोशन झालेलं, हाताखाली आठ जणांची टीम. घरी बोललो नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. आमच्या बॉसचा मंत्र ठरलेला : प्रेशर झेपत नसेल तर सांगा, बाहेर रांग लागलीय!

शेवटी बोललो ते आबांशी. आमचे आजोबा. ऐंशी पार केलेले, तरुणपणी तालमीची माती अंगाला लावलेले. रविवारी संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास हातात धरून कसंबसं सांगून टाकलं. वाटलं, आता 'कसली ही तुमची पिढी' ऐकावं लागणार. पण आबा हसले.

"त्यात लाजायचं काय रं? खासबागेत उतरायच्या आधी भल्याभल्यांचं छाताड धडधडायचं. पर आमच्या मागं वस्ताद हुता. तुझा वस्ताद कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खुराक बंद, कुस्ती चालू

खरं तर 'कोच' म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेलं खासबाग मैदान आजही आपल्या अभिमानाचा विषय. तालमीतला वस्ताद नुसता डाव शिकवत नाही. खुराक काय, मेहनत किती, झोप किती, आणि कुस्ती हरल्यावर दुसऱ्या दिवशी परत तालमीत कसं यायचं, हेही तोच बघतो. ऑफिसात मात्र लॅपटॉप देतात, आयकार्ड देतात आणि थेट मैदानात सोडतात!

वस्तादाचा शोध सुरू झाला आणि एका मित्राने यूट्यूबवरचं 'आवाहन आयपीएच' हे चॅनल सुचवलं. तिथे भेटले डॉ. आनंद नाडकर्णी.

डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ. केईएममधल्या आपल्या दिवसांवर त्यांनी 'गद्धेपंचविशी' हे पुस्तक लिहिलंय. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राशी ते सुरुवातीच्या काळापासून जोडलेले. १९९० मध्ये त्यांनी ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली. शिवाय कंपन्यांमध्ये जाऊन माणसांना ट्रेनिंगही दिलं. आज एचआरवाले ज्याला 'वेलबीइंग' म्हणतात, ते काम हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधीचं आहे!

मला मात्र वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटलं. हा माणूस नाटकं लिहितो, गाणी रचतो, पुस्तकं लिहितो. एवढ्या धबडग्यात वेळ कुठून आणतो? मग माझी ट्यूब पेटली. प्रमोशन मिळाल्यावर मी सगळ्यात आधी रंकाळ्यावरचा सकाळचा फेरा बंद केला होता. मग तबल्याचा क्लास. कारण? वेळ नाही! आबांच्या भाषेत सांगायचं तर खुराक बंद करून मी कुस्त्या खेळत होतो.

भानगड त्या 'च'ची

डॉक्टरांच्या 'विषादयोग' या पुस्तकाचा पाया म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत. तिची एबीसी अगदी सोपी आहे. ए म्हणजे घटना, सी म्हणजे आपली प्रतिक्रिया. आपल्याला वाटतं, ए मुळेच सी होतं. बॉसचा मेल आला, धडधड सुरू! पण मध्ये एक बी असतो, म्हणजे आपला त्या घटनेकडे बघण्याचा दृष्टिकोन.

माझा बी काय होता? 'प्रेझेंटेशन चांगलं झालंच पाहिजे, मी चुकताच कामा नये.' गंमत बघा, सगळी भानगड त्या 'च'ची! 'चांगलं व्हावं असं वाटतं. नाही झालं तर वाईट वाटेल, पण सगळं संपणार नाही,' असं म्हणून बघा. लिहायला दोन ओळी, पण अंगवळणी पडायला मला चार महिने लागले. तेही शहरातल्या एका समुपदेशकाकडे नियमित जाऊन. पुस्तक वाचून कुणी पैलवान होत नाही!

आता एक शंका तुमच्याही मनात आली असेल. रात्री दहाला फोन करणारा बॉस मग बरोबर ठरतो का? अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा तो आजार नसून कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम असल्याचं म्हटलं. म्हणजे जबाबदारी ऑफिसचीसुद्धा आहे. बॉसला बदलणं माझ्या हातात नव्हतं. माझी टीम मात्र होती.

एका सोमवारी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "मी समुपदेशकाकडे जातो. आणि आजपासून रात्री आठनंतर माझा मेल येणार नाही." दोन मिनिटं सगळे गप्प. लंचनंतर टीममधली सगळ्यात हुशार मुलगी डेस्कपाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, मलाही रात्री झोप लागत नाही. कुठे जायचं असतं?"

मी तिला पत्ता दिला. तो देताना लक्षात आलं, मला हे विचारायला किती महिने लागले होते!

परवा आबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. आता रंकाळ्याला कधी जायचं?"

हे सेव्ह करून ठेवा
केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. झोप उडाली असेल, कामात मन लागत नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर उद्यावर टाकू नका.