एक फोन आणि वीस लाख पत्रके

अध्यक्षपदाची निवडणूक अटीतटीची झाली की निकालानंतर प्रत्येक गट म्हणतो, 'आमच्यामुळेच.' अशा वेळी कुणाच्या म्हणण्यात किती तथ्य आहे हे घोषणांवरून कळत नाही, बेरीज-वजाबाकी करावी लागते. अमेरिकेतील १९६० ची निवडणूक या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्या लढतीत सुमारे ६ कोटी ८८ लाख मते पडली आणि दोघांतले अंतर होते जेमतेम १ लाख १३ हजारांचे.

पण तिथे अध्यक्ष केवळ एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठराविक निर्वाचक असतात, आणि राज्यात एका मताने जरी पुढे असला तरी तो उमेदवार साधारणपणे त्या राज्याचे सगळे निर्वाचक घेऊन जातो. १९६० साली एकूण निर्वाचक ५३७ होते आणि बहुमताला २६९ लागत होते. म्हणजे मत किती, यापेक्षा मत कुठे, हा प्रश्न मोठा. (आमच्या विद्यार्थ्यांना हे पटवून द्यायला एक तास पुरत नाही, एक माणूस एक मत शिकलेल्या मुलांना तो अन्यायच वाटतो.)

निक्सन यांनी नेमका हाच हिशेब बाजूला ठेवला. पन्नासही राज्यांत जाईन, असे त्यांनी पक्षाच्या अधिवेशनात जाहीर केले. ऑगस्टमध्ये गुडघ्याला मार लागून जवळजवळ दोन आठवडे इस्पितळात गेले, तरी त्यांनी वचन सोडले नाही. मतदान दोन दिवसांवर आले असताना ते तीन निर्वाचकांच्या अलास्कात होते. अलास्का त्यांनी जिंकलेही. परंतु उमेदवाराचा दिवस हा गरिबाच्या खिशातल्या रुपयासारखा असतो. एकीकडे मोडला की दुसरीकडे हात रिकामा. दूरचित्रवाणीवरील वादसभांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात इथे शिरत नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अटलांटात घडली. १९ ऑक्टोबरला मार्टिन ल्यूथर किंग यांना एका मोठ्या दुकानातील धरणे-आंदोलनात अटक झाली. बाकीच्यांना सोडले. किंग यांच्यावर मात्र वाहन-परवान्याचा एक जुना, क्षुल्लक खटला होता. त्याच्या आधारे न्यायाधीशाने त्यांना चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली आणि पहाट होण्याआधी बेड्या घालून दूरच्या रीड्सव्हिल तुरुंगात हलविले. दक्षिणेतल्या तुरुंगात काळ्या पुढाऱ्याचे काय होऊ शकते हे त्यांच्या पत्नी कोरेटा यांना कुणी सांगायला नको होते. त्या गरोदर होत्या.

केनेडी यांच्या प्रचारकचेरीत नागरी हक्कांचे काम पाहणाऱ्या हॅरिस वॉफर्ड आणि सार्जंट श्रायव्हर यांनी सुचविले म्हणून केनेडींनी कोरेटांना फोन केला. बोलणे दीडदोन मिनिटांचेच. त्यांचे धाकटे बंधू रॉबर्ट आधी भडकले, कारण दक्षिणेतले गोरे मतदार हातचे जातील अशी धास्ती होती. मग त्यांनी स्वतःच न्यायाधीशाला फोन लावला. २७ ऑक्टोबरला किंग जामिनावर सुटले. निक्सन यांची १९५७ पासून किंग यांच्याशी ओळख होती, तरी ते जाहीरपणे काही बोलले नाहीत.

किंग यांचे वडील अटलांटात धर्मोपदेशक होते. कॅथलिक उमेदवार नको म्हणून ते निक्सनकडे झुकले होते. त्यांनी चर्चमध्ये केनेडींना पाठिंबा जाहीर केला. प्रचारकांनी या प्रसंगाचे निळ्या कागदावर छोटेसे पत्रक काढले आणि मतदानापूर्वीच्या रविवारी काळ्यांच्या चर्चबाहेर सुमारे वीस लाख प्रती वाटल्या. पत्रक धर्मगुरूंच्या नावे निघाले, मोठ्या वृत्तपत्रांतून त्याचा गाजावाजा केला नाही. काळ्यांपर्यंत गोष्ट पोचावी आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कानी फारशी जाऊ नये, असा तो बेत होता. कनवाळूपणा आणि धूर्तपणा एकाच पाकिटात! आणि तो साधला. जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना, टेक्सस ही दक्षिणी राज्ये केनेडींनाच मिळाली.

आता हिशेब. १९५६ साली दर दहा काळ्या मतदारांपैकी सुमारे सहांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिले होते. १९६० साली सुमारे सातांनी दिले. दक्षिणेत मतकर आणि साक्षरतेच्या परीक्षा लावून बहुसंख्य काळ्यांना मतदानापासून दूर ठेवले होते. पण जे शिकागो, डेट्रॉइट, न्यूअर्कच्या कारखान्यांकडे निघून गेले, ते मत देत होते. केनेडींनी इलिनॉय सुमारे ९ हजारांनी, न्यू जर्सी २२ हजारांनी आणि मिशिगन ६७ हजारांनी जिंकले. या तीन राज्यांचे ६३ निर्वाचक उलटे फिरले असते तर निक्सन २८२ वर पोचले असते. या राज्यांतली काळी मते लाखांत मोजावी लागत, तेव्हा त्या मतांवाचून ही तिन्ही हाती येती ना. मात्र ती फोनमुळेच मिळाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. बेकारी होती, कामगार संघटना होत्या, इलिनॉयच्या मोजणीबद्दलही तक्रारी झाल्या. इतक्या थोड्या अंतरावर दहा कारणे प्रत्येकी 'निर्णायक' ठरतात.

किंग यांनी स्वतः कुणालाही जाहीर पाठिंबा दिला नव्हता. मते देणाऱ्यांच्या पदरात काय पडले, ते मात्र पाहावे. सरकारी मदतीच्या घरांतला वर्णभेद लेखणीच्या एका फटकाऱ्याने मिटवता येईल, असे केनेडी प्रचारात सांगत होते. निवडून आल्यावर फटकारा येईना, तेव्हा लोकांनी व्हाइट हाऊसला टपालाने लेखण्या पाठवायला सुरुवात केली. सही झाली नोव्हेंबर १९६२ मध्ये, तीही मुख्यतः पुढे बांधल्या जाणाऱ्या घरांपुरती.