वतनावर पाणी

मुळशी तालुक्यातलं मुठा ज्या मुठे खोऱ्यात येतं, ते बारा मावळांपैकी एक. १६५९ साली अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा आदिलशाहाने या मावळांच्या देशमुखांना फर्मानं धाडली: खानाला सामील व्हा. न ऐकणाऱ्याचं वतन जाणार, हे उघड होतं. त्यांच्यापैकी खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कारीचे कान्होजी जेधे मात्र मुलांसह शिवाजी महाराजांपुढे आले आणि हातावर पाणी घेऊन त्यांनी वतनावर सोडलं. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझच्या ग्रंथात अथेन्सचे दूत साम्राज्य न सोडण्याची कारणं सांगतात ती तीन: भीती, मान, लाभ. कान्होजींनी भीती आणि लाभ दोन्ही बाजूला सारले. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे यांना दिलेला निष्ठेचा शब्द त्यांना वतनाहून मोठा वाटला, असं मला ठामपणे वाटतं. पुढे खंडोजी सापडले, तेव्हा त्यांच्या जिवासाठी रदबदली केली तीही कान्होजींनीच.